वेणी घालणाऱ्या हातांची नावे नोंदवहीत यावीत

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. व्यवस्थापकीय संचालक,
संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, मुंबई

महोदय,

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी घाटाची पायताणे मांडली आणि त्यात कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा आपल्या भागात उठलेला संताप आपण जवळून पाहिला आहे. पुढे कंपनीने या पायताणांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे मान्य केले, तिचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपले महामंडळ, कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ आणि प्राडा यांच्यात करार झाला. दोन्ही राज्यांतील कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, ते सुमारे ८०० युरो किमतीला जगभरच्या दुकानांत विकायचे आणि कारागिरांसाठी प्रशिक्षणही राबवायचे, असे त्या वेळी जाहीर झाले. या कराराचे मी मनापासून स्वागत करते. ज्यांच्या हातची वस्तू आहे त्यांचे नाव तिच्याबरोबर गेले पाहिजे, ही आपली मागणी होती आणि ती रास्त होती.

आज हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, हीच मागणी आता आपल्याला आपल्याच घरात लावून पाहावी लागणार आहे. प्रशिक्षणासाठी, ऑर्डरींसाठी आणि भौगोलिक मानांकनाच्या (वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशाशी जोडून त्याला कायद्याचे संरक्षण देणाऱ्या ‘जीआय’च्या) नोंदणीसाठी कारागिरांच्या याद्या तयार होतील. कागल, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांतील बचत गटांबरोबर काम करताना आजवर ज्या ज्या याद्या माझ्या पाहण्यात आल्या, त्या बहुतांशी पुरुषांच्या नावांच्या होत्या. कोल्हापुरीचा निम्मा जीव ज्यांच्या बोटांत आहे त्या बायका त्या याद्यांत नव्हत्या. नव्या याद्याही तशाच तयार झाल्या, तर पुढची अनेक वर्षे त्या बदलणार नाहीत, म्हणून ही विनंती आजच करीत आहे.

एक जोड कसा तयार होतो, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. परंतु हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहिते. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात कमावलेले जाड कातडे तळासाठी कापणे, ते रापी या चामडे कापायच्या हत्याराने तासणे, ठोकून बसवणे आणि टाच चढवणे ही कामे बहुतेक ठिकाणी पुरुष करतात. वरच्या भागाचे, म्हणजे पट्टा, कान, अंगठा, वेणी, गोंडे आणि जरीच्या नक्षीचे काम मोठ्या प्रमाणावर बायका करतात. वेणीचेच घ्या. शेळीच्या पातळ कातड्याच्या दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या कापून त्या ओलसर केल्या जातात, कारण ओल्या पट्टीची वेणी वाळताना आवळते आणि मग कधी सैल पडत नाही. दाराशी उजेडात बसलेली बाई पट्ट्यांचे एक टोक पायाच्या अंगठ्यात धरते आणि दोन्ही हातांनी पेड घालत जाते. प्रत्येक पेडाला ताण सारखाच लागतो. एका ठिकाणी ओढ जास्त झाली, की वेणी तिथे बारीक दिसते आणि पट्ट्यावर शिवल्यावर ती चूक लपत नाही. हे काम डोळ्यांनी जेवढे होते त्याहून अधिक बोटांच्या सवयीने होते, आणि ही सवय यायला वर्षे जातात. दिवसभर मान खाली घालून बसल्याने पाठ आणि मान धरते, चाळिशीनंतर बारीक कामाला नजर पुरत नाही. ग्राहक दुकानात चप्पल हातात घेतो तेव्हा त्याची नजर पहिल्यांदा जाते ती या वेणीवर.

या कामाचे मोल कसे होते? घरचाच धंदा असेल, तर बाईला वेगळी मजुरी नसते; घरात येणारा पैसा तोच तिचा, असे धरले जाते. काम बाहेरून येत असेल, तर जोडामागे दर ठरतो. तो देणारा ठरवतो, कुठेही लिहिला जात नाही, आणि त्याच गल्लीत दोन घरी दोन वेगळे दर असलेले मी पाहिले आहेत. दुकानातील किमतीच्या मानाने हा दर फारच किरकोळ असतो. पावसाळ्यात कातडे वाळत नाही आणि मागणीही उतरते. तेव्हा सर्वांत आधी थांबते ते याच बायकांचे काम.

अपुरी मजुरी हा प्रश्न मोठा आहेच, तथापि त्याच्या मुळाशी नोंदीचा प्रश्न आहे, आणि त्यावर मला अधिक सविस्तर लिहावयाचे आहे. सरकारचा प्रत्येक लाभ कोणत्या ना कोणत्या यादीतून जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना घ्या. अठरा पारंपरिक व्यवसायांत चर्मकार व पादत्राणे कारागिरांचाही समावेश आहे. योजनेत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत, अशी तरतूद आहे. योजना चांगली आहे. परंतु तिचा लाभ एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. ज्या व्यवसायात पती आणि पत्नी दोघेही एकाच वस्तूचे दोन वेगळे भाग दोन वेगळ्या कौशल्यांनी करतात, तिथे या अटीचा परिणाम काय होतो, हे गावात येऊन पाहावे. अर्ज भरायची वेळ आली की नाव पतीचे जाते. कोणी कोणाला अडवत नाही, भांडण होत नाही, ते तसेच ठरलेले असते. ही योजना केंद्राची आहे आणि अट बदलणे महामंडळाच्या हाती नाही, हे मी जाणते. मात्र या व्यवसायापुरती ही अट शिथिल व्हावी, असा प्रस्ताव राज्यामार्फत केंद्राकडे पाठवणे आपल्याला नक्कीच शक्य आहे.

भौगोलिक मानांकनाची गोष्ट मात्र थेट आपल्या हातातील आहे. कोल्हापुरी चपलेला हे मानांकन २०१९ मध्ये मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी ते असून त्याची नोंदणीकृत मालकी आपल्या आणि कर्नाटकच्या महामंडळाकडे आहे. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, तेव्हाही न्यायालयाचा मुख्य प्रश्न हाच होता की, याचिकाकर्ते या मानांकनाचे मालक नसताना दाद कशी मागतात. म्हणजे या चपलेसाठी कायद्याच्या दारात उभे राहण्याचा अधिकार आपला आहे. त्याबरोबर जबाबदारीही आपली आहे, असे मी नम्रपणे नमूद करते.

भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात मालकाखेरीज ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घेण्याची सोय आहे. ही नोंद दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. २०२० मध्ये नियम बदलून तिचे शुल्क ५०० रुपयांवरून केवळ १० रुपयांवर आणले गेले. ही नोंद उत्पादकाला मिळते, आणि कायद्यात हस्तकलेच्या वस्तूंसाठी उत्पादकाची जी व्याख्या आहे, तीत वस्तू तयार करणारा तर येतोच, शिवाय त्या वस्तूचा व्यापार करणाराही येतो. चपलेला कधी हात न लावलेला व्यापारी जर कोल्हापुरीचा उत्पादक म्हणून नोंद होऊ शकतो, तर तिची वेणी घालणारी, कान शिवणारी बाई त्या नोंदवहीत का नसावी? कायद्याने तिला कुठेही अडवलेले नाही. तिच्यापर्यंत अर्ज घेऊन कोणी गेलेले नाही, एवढेच.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि देणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मी मानत नाही. कुटुंब हा एकच घटक आहे, नाव कोणाचेही असले तरी पैसा एकाच चुलीपाशी येतो, उगाच घराघरांत दोन खाती कशाला, असे ते उत्तर आहे. ज्या घरांत सगळे सुरळीत आहे, तिथे हे कदाचित चालूनही जाईल. पण संकट आले की नावाची किंमत कळते. आमच्या गटातील एका भगिनीच्या पतीचे निधन झाले. लग्न होऊन सासरी आल्यापासून ती वेणी आणि पट्ट्याचे काम करीत आली होती. बाजारात पतीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडांचा वरचा सगळा भाग तिच्या हातचा होता. पतीच्या माघारी तिने अवजारांसाठी कर्ज मागितले, तेव्हा तुम्ही कारागीर आहात याचा पुरावा आणा, असे तिला सांगण्यात आले. ओळखपत्र पतीचे, प्रशिक्षणाचा दाखला पतीचा, बाजारातील उधारीची वहीसुद्धा पतीच्या नावाची. तिने पिशवीतून स्वतः केलेला जोड काढून टेबलावर ठेवला. समोरच्या कर्मचाऱ्याने तो उचलून पाहिला, काम सुरेख आहे म्हणाले, आणि कागद मागितला. त्यांचाही दोष नव्हता, कागदाशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हते. आज ती दुसऱ्याच्या मालावर जोडामागे मजुरीने वेण्या घालते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी १९९० च्या सुमारास शेतकरी चळवळीने लक्ष्मीमुक्तीची मोहीम गावोगावी नेली आणि पुढे शासनानेही ते धोरण स्वीकारले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा निर्णय याच राज्याने घेतला. जमिनीच्या आणि जन्माच्या नोंदीत जे आपण मान्य केले, ते कारागिराच्या नोंदीत मान्य करायला अडचण नसावी.

बायकांच्या नावाने उभा राहिलेला उद्योग या व्यवसायात टिकेल का, अशी शंका घेणाऱ्यांनी सीमेपलीकडे पाहावे. बेळगाव जिल्ह्यातील अथणीला १९९० च्या दशकाच्या अखेरीस असेंट या बंगळूरच्या संस्थेने महिलांचे बचत गट बांधले आणि त्यांतून टोहोल्ड हा सामाजिक उद्योग उभा राहिला. घराच्या उंबऱ्याआड काम करणाऱ्या या बायका गटाच्या सभासद म्हणून व्यवहारात आल्या. माप, दर्जा आणि नवे नमुने यांवर मेहनत घेतली गेली आणि माल परदेशी ग्राहकांपर्यंत गेला. मला त्यातील जी बाब सर्वांत महत्त्वाची वाटते, ती निर्यातीची नव्हे. एकेकटी बाई दर विचारू शकत नाही, गट विचारू शकतो. दर विचारता आला की हिशेब मागता येतो. अथणीचे सगळे जसेच्या तसे आपल्याकडे होईल असे नाही. बाजार तेव्हाचा वेगळा होता, आणि बाहेरच्या संस्थेचा आधार सुटल्यावर गटांनी स्वतःच्या पायावर कसे उभे राहायचे, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रयोगापुढे असतो. परंतु कोल्हापुरी चपलेच्या धंद्यात बाई सभासद आणि भागीदार होऊ शकते, हे तिथे सिद्ध झाले आहे.

कोल्हापुरीची पर्यावरणाच्या अंगाने सध्या बरीच वाखाणणी होते, आणि ती खोटी नाही. क्रोमसारख्या रसायनाऐवजी झाडाच्या साली आणि फळांनी कमावलेले कातडे, शिवण्यासाठी चामड्याचीच वादी, खिळ्याचा वापर नाही, आणि दुरुस्त करून वर्षानुवर्षे वापरता येणारी वस्तू, या गोष्टी आज जगाला हव्या आहेत. मात्र हे कातडे कमावणारे ढोर समाजाचे जुने कारखाने आता थोडेच उरले आहेत. २०१५ मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर कच्च्या मालाची ओढाताण वाढली आणि बरेचसे कातडे बाहेरच्या राज्यांतून आणावे लागते. याचा फटका लहान कारागिराला अधिक बसतो. त्याच्याकडे रोख पैसा नसतो, म्हणून तो व्यापाऱ्याकडून कातडे उधारीने उचलतो आणि तयार जोड त्याच व्यापाऱ्याला, त्याने ठरवलेल्या भावाने देतो. महिलांचा एखादा गट स्वतःचा उद्योग उभारायला निघाला की तो पहिल्यांदा अडतो तो इथेच. शिवणयंत्रे आणि प्रशिक्षण मिळते, प्रदर्शनात एक गाळाही मिळतो. कातडे घ्यायला पैसे मात्र मिळत नाहीत. प्रदर्शनात जोड विकले गेले तरी पुढच्या खेपेचे कातडे येईपर्यंत हात रिकामे राहतात. महामंडळाने एकत्र खरेदी करून गटांना वाजवी भावात आणि ठरावीक मुदतीच्या उधारीवर, क्रोमने नव्हे तर हिरडा-बाभळीनेच कमावलेले प्रमाणित कातडे पुरवले, तर कर्जाच्या कोणत्याही योजनेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, असे माझे ठाम मत आहे.

आता माझ्या विनंत्या. प्राडाच्या कामासाठी आणि प्रशिक्षणासाठी होणारी निवड कुटुंबावार न करता व्यक्तीवार व्हावी, आणि अर्जात कामाचा प्रकार लिहिण्याची जागा असावी, म्हणजे तळ करणारा आणि वेणी घालणारी दोघेही आपापल्या कामाने नोंदले जातील. भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांची नोंद करण्यासाठी महामंडळाने गावात शिबिरे घ्यावीत. ती दुपारी घ्यावीत, कारण सकाळचे पाणी, स्वयंपाक आणि मुले आवरून बाई तेव्हाच मोकळी होते. आणि मुख्य म्हणजे अर्ज भरून घ्यायला एक स्त्री कर्मचारी असावी. वेणी, कान, पट्टा आणि गोंडे यांचे किमान दर महामंडळाने कारागिरांशी बोलून ठरवावेत आणि आपल्या करारातील प्रत्येक पुरवठादाराला ते बंधनकारक करावेत. मजुरीचे पैसे काम करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात जावेत. ‘उमेद’ हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आणि माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, यांचे बचत गट जिल्ह्यात गावोगावी आहेत, त्यांची बँक खाती आणि हिशेबवह्या तयार आहेत. महामंडळाने नवे काही उभारण्याऐवजी या गटांना थेट ऑर्डर देण्याचा मार्ग काढावा.

आणखी एक विनंती लहान आहे, पण मला ती फार मोलाची वाटते. अस्सल कोल्हापुरी ओळखता यावी म्हणून जोडाला क्यूआर कोड लावण्याची योजना महामंडळाने सुरू केली आहे. तो स्कॅन केला की कारागिराचे किंवा उत्पादन केंद्राचे नाव, ठिकाण, वापरलेला माल आणि मानांकनाची माहिती ग्राहकाला दिसते. त्या ठिकाणी ज्या दोघांनी तो जोड केला असेल, त्या दोघांचीही नावे असावीत. यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही, निधी लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. माहिती भरण्याच्या तक्त्यात एक ओळ वाढवावी लागते.

या सगळ्यात एक गोष्ट स्पष्ट करते. चर्मकार समाजाच्या मुलींनी हेच काम पुढे चालवावे, असा माझा आग्रह नाही. या कामाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जातीचा जो अपमान सोसावा लागला, त्यामुळे अनेक आयांना आपल्या मुली यात नकोत, आणि ते मला पूर्ण पटते. शिकून दुसरीकडे जायचे असेल त्या मुलीने खुशाल जावे. परंतु जी या कामात राहते, मग ती स्वखुशीने असो वा परिस्थितीने, तिला आपल्या नावाने, आपल्या दराने आणि सन्मानाने राहता आले पाहिजे. कला टिकावी म्हणून भाषणे करणाऱ्यांना मी हेच विचारत असते की, टिकवणाऱ्याच्या हाती काय पडते. हातात काही पडणार नसेल तर पुढची पिढी हे सोडून जाईल, आणि तिला दोष देता येणार नाही.

आमच्या गटांनी आपल्या परीने सुरुवात केली आहे. कोणत्या घरात कोण काय काम करते, किती वर्षांपासून करते, दर काय मिळतो आणि ओळखपत्र आहे की नाही, अशी गाववार माहिती आम्ही लिहून काढत आहोत. महामंडळाने आपला एक अधिकारी या कामासाठी नेमून दिला, तर ही माहिती आम्ही त्यांच्याकडे सुपूर्द करू, त्यांच्याबरोबर घरोघरी येऊ आणि अर्ज भरून घ्यायला मदत करू. प्रशिक्षणाची पुढील यादी अंतिम करण्याआधी आपण कागल किंवा हातकणंगले तालुक्यात एक बैठक घ्यावी आणि त्या बैठकीला वेणी घालणाऱ्या बायकांना स्वतंत्र निमंत्रण द्यावे. निमंत्रण त्यांच्या स्वतःच्या नावाने पाठवावे, ही विशेष विनंती.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली विश्वासू,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक बचत गट कार्यकर्ती